लेकरं आणि आजी-आबाजी: दोन ठिकाणी की एकाच घरात?

दिवाळीनंतर शेजारच्या दोन गावांतली मंडळी आमच्याकडे येऊन गेली. दोघांचाही प्रश्न एकच होता. बाया कापसाच्या वेचाईला गेल्या की घरात उरतात लहान लेकरं आणि थकलेली म्हातारी माणसं. दोघांचीही दिवसभराची सोय करायची आहे आणि पैसा तर मोजकाच. मग लेकरांचं पाळणाघर आणि म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र वेगवेगळं काढायचं, की एकाच घरात दोन्ही चालवायचं?

आमच्या गावानं दोन्ही करून पाहिलं आहे. पहिली दोन वर्षं वेगवेगळं आणि त्यानंतरची तीन वर्षं एकत्र. खर्चाची वही दोन्ही वेळा माझ्याकडेच होती. माझी आई रोज तिथे जाते, नातही तिथेच मोठी झाली, म्हणून माझा कल कुठे आहे ते पुढे लपणार नाही. तरी जे दिसलं ते दोन्ही बाजूंनी सांगायचा प्रयत्न करतो.

गाव आर्वीकडचं, वर्धा जिल्ह्यातलं. कापूस, सोयाबीन, तूर. केंद्रात साधारण 16 लेकरं आणि 12 म्हातारी माणसं असतात. तुमचं गाव याहून फार मोठं असेल तर माझा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही.

अंगणवाडी असताना हे कशाला, असं काही जण विचारतात. अंगणवाडी 1975 पासून चालू आहे आणि तिनं खेड्यातल्या लेकरांसाठी फार केलं आहे. पण ती दुपारी सुटते आणि बाई वावरातून येते दिवस मावळताना. तीन वर्षांखालच्या लेकराला तर तिथे दिवसभर ठेवताही येत नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद केली होती. शेतकऱ्याच्या खाजगी वावरात मात्र तसं काही नाही. तिथे झाडाला बांधलेली झोळी हेच पाळणाघर.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत कायदा त्याहून दूर. 2007 च्या कायद्यानं आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकली आणि जिल्ह्याला किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलं. पण ज्यांची मुलं त्यांना सांभाळतात, फक्त सकाळी सात ते संध्याकाळी सहा घरी नसतात, त्यांच्या दिवसाचं काय, याचं उत्तर गावालाच शोधावं लागतं.

जागा आणि चूल

वेगवेगळं चालत होतं तेव्हा पाळणाघर समाजमंदिराच्या एका खोलीत होतं आणि म्हाताऱ्यांची बैठक देवळाजवळच्या खोलीत. मधे पन्नास पावलांचं अंतर. आता दोन्ही एका जुन्या कौलारू घरात आहे. घरमालक नोकरीमुळे नागपूरला गेले, त्यांनी नाममात्र भाड्यानं दिलं. मधे चौक, दोन बाजूंना खोल्या, मागे विहीर आणि पुढे लांब ओटा.

जागेत आमची बचत फार झाली नाही, कारण आधीच्या दोन्ही खोल्याही स्वस्तातच होत्या. तुम्हाला दोन जागा भाड्यानं घ्याव्या लागणार असतील तर फरक जास्त पडेल.

स्वयंपाकात मात्र फरक पडला. आपल्याकडचं जेवण तिखट, पण दोन वर्षांचं लेकरू आणि दात पडलेली आजी, दोघांनाही तर्री चालत नाही. दोघांना लागतो मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, ज्वारीच्या कण्या, पातळ खिचडी, ताक. एकच गंज म्हणजे पातेलं, एकच चूल. आधी दोन ठिकाणी दोन शेगड्या पेटायच्या, दोन कुकर लागायचे आणि दोन्हीकडे थोडं थोडं उरायचं. एकत्र झाल्यावर उरणं जवळजवळ थांबलं. आबाजी लोक ठेचा मागतात, तो वेगळा वाटून वरच्या फळीवर ठेवलेला असतो. रक्तदाबवाल्यांचं वरण मीठ टाकायच्या आधी बाजूला काढतात. शिऱ्याच्या दिवशी साखरेचा त्रास असलेल्यांना फुटाणे. या तीन गोष्टी सोडल्या तर सगळ्यांचं ताट एक. धान्य बरंचसं गावातूनच जमतं. सुगीत ज्याला जमेल तो तूर देतो, ज्याला जमेल तो ज्वारी.

वहीतले आकडे

वेगवेगळं होतं तेव्हा पाच बाया कामाला होत्या. पाळणाघरात ताई, मदतनीस आणि स्वयंपाकाची बाई, तर म्हाताऱ्यांकडे एक सांभाळणारी आणि एक स्वयंपाकाची. प्रत्येकीला 4,000 प्रमाणे 20,000. किराणा-भाजीपाला साडेसहा हजारांच्या आसपास. गॅस, वीज, भाडं, साबण-फिनाईल मिळून साडेपाच हजार. महिना 32,000.

एकत्र झाल्यावर स्वयंपाकाला एकच बाई लागली. चौघींचं मानधन वाढवून 4,500 केलं, ते 18,000 झालं. किराणा 6,000, बाकीचं 4,000. महिना 28,000. माणशी काढलं तर आधी साडेअकराशेच्या जवळ आणि आता बरोबर हजार.

म्हणजे बचत चार हजारांची. कोणी तुम्हाला सांगत असेल की एकत्र केलं की खर्च अर्धा होतो, तर माझा अनुभव तसा नाही. शिवाय एकत्र करायला सुरुवातीला जे करावं लागलं (मधली भिंत, अर्ध्या उंचीचं दार, हाताला धरायच्या दांड्या लावलेलं कमोड, लेकरांसाठी वेगळी मोरी, ओट्याला उतार) त्याला साठ हजारांच्या घरात खर्च आला. तो वसूल व्हायला पंधरा महिने गेले. नुसत्या या आकड्यांवर ठरवायचं असतं तर मी म्हटलं असतं, ज्याला जे सोपं पडेल त्यानं ते करावं.

मानधन कमी आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. चौघींना वाढवून देता येतं ते पाचवीची जागा वाचली म्हणून, आणि वाचलेला पैसा आधी त्यांच्याकडे जावा असं आमच्या बैठकीत ठरलं होतं. तुम्हीही आधी तसंच ठरवून घ्या. ज्या बाईला परवडत नाही ती टिकत नाही. लेकराला दर चार महिन्यांनी नवी ताई मिळाली तर ते रोज रडतं.

मला ज्यानं ठरवायला लावलं ते कुलूप

वेगवेगळं चालत होतं त्यातलं दुसरं वर्ष. सीतादही, म्हणजे वेचाईच्या सुरुवातीची पूजा, होऊन वेचाईला जोर आला होता. सकाळी साडेसातला मी समाजमंदिरावरून चाललो होतो, तर ओट्यावर सहा-सात बाया उभ्या. कमरेला रुमाल बांधलेले, हातात शिदोरीचे डबे, कडेवर लेकरं. दाराला कुलूप. ताईच्या मुलाला रात्रीतून ताप चढला होता, ती त्याला घेऊन दवाखान्यात गेलेली. मदतनीस मयतीला माहेरी. रस्त्यावर पिकअप उभा होता आणि ड्रायव्हर दर मिनिटाला हॉर्न वाजवत होता.

त्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, आजबी कुलूपच हाये. या पोराले आता कुठी ठेवू मी?"

मी काय सांगणार? पन्नास पावलांवर देवळाजवळची खोली उघडी होती. चार आबाजी बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांना सांभाळणारी बाई झाडून-पुसून मोकळी झाली होती आणि दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. चांगली, हुशार बाई. स्वतःची तीन लेकरं वाढवलेली. पण ती त्या खोलीची, आणि पाळणाघराची किल्ली वेगळी, रजिस्टर वेगळं, जबाबदारी वेगळी. सात लेकरं तिच्या खोलीत आणावीत तर तिथे ना पाळणे, ना दाराला आडोसा, आणि मागचा दरवाजा सरळ नाल्याकडे उघडणारा.

मला विचारणाऱ्या त्या बाईनं लेकरू वावरात नेलं. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधली. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस 14 किलो भरला. एरवी ती पस्तीसच्या खाली येत नाही. वेचाईची मजुरी किलोवर असते. जितक्या वेळा झोळीकडे जावं लागतं तितकी ओटी रिकामी राहते. दोन बाया तर घरीच थांबल्या. ज्याचं वावर होतं त्याचा कापूस बोंडावर लोंबत राहिला. पुढे दोन दिवसांनी ढग आले आणि त्या कापसाची कवडी झाली.

त्या हंगामात माझ्या वहीत पाळणाघरापुढे 11 दिवस "बंद" असं लिहिलेलं आहे. म्हाताऱ्यांच्या खोलीचेही सहा दिवस आहेत. दोन्ही एकाच दिवशी बंद राहिले असं एकदाही घडलं नाही. म्हणजे प्रत्येक वेळी एकीकडे कुलूप आणि दुसरीकडे रिकामा हात होता.

बदली बाई ठेवून पाहिली. जुलैत, निंदणाच्या आधी, बदली मिळते. वेचाईत मिळत नाही, आणि तेच खरं दुखणं आहे. पाळणाघर ज्या दिवसांत सगळ्यात जास्त लागतं, त्याच दिवसांत गावातली प्रत्येक धडधाकट बाई वावरात असते. वेचाईत मिळतं त्याहून कमी रोजावर ती तुमच्याकडे का थांबेल? वेचाईएवढा रोज द्यायचा तर तिजोरीत तेवढं नसतं. दोन लहान ठिकाणं चालवायची म्हणजे दोन्हीकडे राखीव माणूस ठेवायचं. तो खर्च कुठल्याच वहीत आधी लिहिलेला नसतो. तो कुलपाच्या रूपानं बाईच्या मजुरीतून वसूल होतो.

एकत्र झाल्यावर चार बाया एका छपराखाली आल्या. एक आली नाही तर तिघी असतात. ओढाताण होते, त्या दिवशी नुसती खिचडी होते, पण दार उघडतं. तीन वर्षांत आमचं घर दोनदाच बंद राहिलं. एकदा पुरामुळे नाला ओलांडता आला नाही तेव्हा आणि एकदा आमच्यातल्याच एक आजी गेल्या तेव्हा. चार हजारांची बचत मी कोणाला मोठी म्हणून सांगणार नाही. पण ते 11 दिवस आठवले की मला दुसरं काही सुचत नाही.

आणखी एक, लहान वाटेल पण लहान नाही. पूर्वी एखादी सून सासूला देवळाकडे सोडून मग लेकराला समाजमंदिरात नेत असे. संध्याकाळी उलटं. आता एकाच दारात दोघं. माझ्या सुनेचा यात रोजचा अर्धा तास वाचतो, तो मी स्वतः पाहिला आहे.

जपानातही हे होऊन गेलं आहे. टोकियोच्या एदोगावा भागातल्या कोतोएन या संस्थेनं वृद्धाश्रम आणि बालवाडी एकत्र केली. पण मला जवळचं वाटतं ते तोयामाचं उदाहरण. तिथे 1993 मध्ये तीन परिचारिकांनी एका साध्या घरात म्हातारी माणसं, लेकरं आणि अपंग व्यक्ती यांची दिवसाची सोय सुरू केली. नाव ठेवलं "कोनो युबी तोमारे". खेळायला गडी जमवताना तिकडची मुलं बोट वर करून अशी हाक देतात, ज्याला खेळायचं त्यानं हे बोट धरावं. मोठी इमारत नाही, मोठं यंत्र नाही, राहतं घर आणि थोडी माणसं. आमच्या कौलारू घराशी मला त्याचंच नातं वाटतं.

हंगाम

हे आम्हाला आधी सुचलं नव्हतं, चालवता चालवता कळलं. लेकरांची गर्दी असते निंदणाच्या दिवसांत आणि मग सोंगणीपासून वेचाई संपेपर्यंत. एप्रिल-मे मध्ये वावरं मोकळी असतात, बाया घरी असतात आणि पाळणाघरात सहा-सात लेकरं उरतात. वेगवेगळं असताना त्या दोन महिन्यांत पाळणाघराचं मानधन जवळपास रिकाम्या खोलीवर जायचं. सुट्टी द्यावी तर ताई दुसरं काम धरते आणि परत येत नाही.

म्हाताऱ्यांचं याच्या उलट. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. ज्यांच्या घरावर टिनं आहेत त्यांना दुपारी घरात बसवत नाही. कौलारू घर, चौकात सावली आणि दाराशी कूलर, एवढ्यासाठी उन्हाळ्यात बाराचे अठरा होतात. एरवी "मला काय गरज" म्हणणारे आबाजीही गमछा डोक्याला गुंडाळून अकराच्या आत येऊन बसतात. तेव्हा लेकरांकडची मदतनीस म्हाताऱ्यांकडे लागते. पाणी प्यायला लावणं, ओला फडका देणं, कोणाला गरगरतं का ते पाहणं. एका बाजूचा सुकाळ दुसऱ्या बाजूच्या टंचाईत कामी येतो. वेगळ्या दोन ठिकाणी हे जमलंच नसतं असं नाही, पण आम्हाला तरी जमलं नव्हतं.

एकत्रात जिथे दुखतं

पहिल्या सहा महिन्यांत आम्ही एक मोठी चूक केली. आजी-आबाजी तिथे आहेतच, मग लेकरांकडे तेही पाहतील, असं गृहीत धरून मदतनिसाला दुपारी दोन तास सुटी दिली. त्यातही आम्हाला बचतच दिसत होती.

आमच्याकडे आज्या वाती वळतात. कापूस घरचाच असतो. मांडीवर कापूस घ्यायचा, बोटांनी सरकी बाजूला काढायची, तळहाताला राख लावून वात वळायची. लेकरांना ते फार आवडतं. त्या दुपारी तीन-चार लेकरं आजीच्या मांडीशी बसून सरक्या गोळा करत होती. अडीच वर्षांच्या एकानं सरकी नाकात घातली. आजीच्या लक्षात आलं ते त्याला सारख्या शिंका यायला लागल्यावर, आणि तिनं ती बोटानं काढायला पाहिली तर आणखी आत गेली. मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं अलगद काढली. लेकरू बरं झालं, पण आजी पुढचे आठ दिवस आली नाही. तिचा काही दोष नव्हता. दोष आमचा होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आम्ही न विचारता कामाला लावलं होतं.

तेव्हापासून नियम पक्का आहे. लेकरांची जबाबदारी ताई आणि मदतनिसाची. आजी-आबाजींनी मन असेल तर जवळ घ्यावं, नसेल तर घेऊ नये. वाती वळायच्या त्या अर्ध्या दाराच्या पलीकडे, लेकरं झोपल्यावर. एकत्र करून म्हाताऱ्यांच्या जिवावर एक बाई कमी करायचा विचार तुमच्या मनात असेल तर माझं हात जोडून सांगणं आहे, करू नका. तसंच करायचं असेल तर वेगवेगळंच चांगलं.

पडण्याची भीती खरी आहे. चौकात चेंडू किंवा ठोकळा पडलेला असतो, आबाजींची नजर अधू, हातात काठी. आमच्याकडे एकदा एक जण घसरले, नशिबानं मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड मोडलं असतं तर सगळ्या वर्षांची बचत एका ऑपरेशनात गेली असती, आणि माणूस उठून उभा राहिला असता की नाही कोण जाणे. म्हणून खेळणी चौकाच्या एकाच बाजूला, जाड सतरंजीवर, आणि चालायची वाट पांढऱ्या पट्ट्यानं आखलेली. भिंत आणि अर्धं दार यांवर झालेला खर्च मला कधी जास्त वाटला नाही.

दुपारच्या झोपेचं भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. जेवण झालं की म्हाताऱ्यांचा डोळा लागतो, तेव्हाच लेकरांचा गलका चालू असतो. ती झोपतात तेव्हा म्हाताऱ्यांना जाग आलेली असते आणि पान कुटायचं असतं. भिंतीनं निम्मं काम केलं. तरी एक आबाजी आमच्याकडे येणं बंद झाले ते झालेच. "लय गलका करतेत पोट्टे," म्हणाले. आयुष्यभर राबलेल्या माणसाला दुपारची शांतता हवी असेल तर ती त्याला मिळायला हवी. वेगळं केंद्र असतं तर ते आजही येत असते, हे मी मान्य करतो.

आजारपणाचं पाहावंच लागतं. पावसाळ्यात डोळे आले की दोन दिवसांत इकडून तिकडे जातात. सर्दी-खोकला तसाच. ताप असलेलं लेकरू आणि खोकणारं म्हातारं माणूस त्या दिवशी घरी. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून आल्याशिवाय आत घेत नाही, मग ते कोणाचेही वडील असोत. क्षयरोग लहान लेकराला फार लवकर धरतो. यावरून माझ्याच चुलत्यांशी माझे दोन महिने बोलणं नव्हतं.

सरकारी पैसा

इथे वेगवेगळं ठेवणाऱ्यांची बाजू थोडी वरचढ आहे. 2022 पासून मिशन शक्तीखाली पाळणा योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. तिच्या आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका पाळणाघरात 25 लेकरं, दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला 26 दिवस, असा हिशेब होता. वेचाईच्या दिवसाला साडेसात तास पुरत नाहीत, ही त्यातली अडचण मी नेहमी सांगतो. पण मुद्दा असा की तो पैसा लेकरांच्या नावानं येतो आणि लेकरांवरच खर्च झालेला दिसावा लागतो. एकत्र घरात चूल एक, स्वयंपाकाची बाई एक, मग अर्धा सिलिंडर कोणाचा, असा प्रश्न तपासणीला येणारा माणूस विचारणारच.

आम्ही छप्पर एक ठेवलं आणि रजिस्टरं दोन. किराणा रोज ताटांच्या संख्येनं वाटून लिहितो. लेकराचं अर्धं ताट, मोठ्याचं पूर्ण. कटकटीचं काम आहे, रोज संध्याकाळी वीस मिनिटं जातात. पण त्यामुळे ग्रामपंचायतीकडे मागताना सोपं झालं. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातून 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लेकरांच्या मोरीसाठी पहिल्यातून मागितलं आणि ओट्याचा उतार व कमोड यांसाठी दुसऱ्यातून, कारण आमच्यातल्या तिघांकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे. नुसतं पाळणाघर असतं तर दुसरं दार ठोठावताच आलं नसतं.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500 ज्यांना मिळतात, ते त्यातून 300 स्वतःच्या हातानं देतात. सुनेनं दिले तरी चाललं असतं. पण माझी आई दर महिन्याला पदराच्या गाठीतून नोटा काढून वहीवर ठेवते आणि माझ्याकडून सही करून घेते. मुलगा म्हणून मला ते घ्यायला जड जातं. तिला मात्र ते द्यायचंच असतं, म्हणून मी घेतो.

मग तुम्ही काय करावं

गाव मोठं असेल, लेकरं चाळीस-पन्नास असतील, दोन्हीकडे चार-चार बाया ठेवता येत असतील, तर वेगवेगळं करा. तिथे एक बाई आली नाही म्हणून दार बंद राहणार नाही आणि म्हाताऱ्यांना शांतता मिळेल. तुमच्याकडे अंथरुणाला खिळलेली किंवा विसरभोळेपणामुळे बाहेर निघून जाणारी माणसं जास्त असतील तरी वेगळं बरं. त्यांना एकाच माणसाचं पूर्ण लक्ष लागतं आणि लेकरांच्या धावपळीत ते मिळत नाही. अशा एका आजींना आम्ही नाही म्हटलं, त्याचं वाईट अजून वाटतं.

पण तुमचं गाव आमच्याएवढं असेल, पंधरा-वीस लेकरं आणि दहा-बारा म्हातारी माणसं, तर माझ्या मते एकत्रच करा. भिंत आधी बांधा, मग उद्घाटन करा. बाया चारच्या खाली नेऊ नका. किल्ली दोघींकडे द्या, त्यातली एक तरी घराच्या जवळ राहणारी असू द्या. वाचेल ते मानधनात घाला.

पाहायला यायचं असेल तर दिवाळीच्या सुटीत येऊ नका, तेव्हा सगळं झाडूनपुसून ठेवलेलं असतं. भर वेचाईत, सोमवारी सकाळी साडेसातच्या आत या. पिकअप कोपऱ्यावर उभा असेल. तेव्हा ओट्यावर थांबून बाया लेकरांना आत देताना पाहा आणि किती जणी मागे वळून पाहतात ते मोजा.